कार्डाला मार्क देताना

(शाळेच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला दहा मिनिटं दिली आहेत आणि नोकरीविषयी बोलायचं नाही अशी अट घातली आहे. म्हणजे सॉफ्टवेअरमधून तुम्ही वाचलात. मी बोलणार आहे माझ्या छंदाविषयी. जुनी ट्रेडिंग कार्डं विकत घेणं, विकणं आणि त्याआधी त्यांना मार्क देणं. समोर आपले सर आणि बाई बसलेले असताना मार्क देण्यावर बोलायचं, हे जरा धाडसच आहे.

बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची कार्डं मिळायची, आठवतंय? आपण ती रबर लावून कंपासपेटीत कोंबायचो. कोणी ढापू नये म्हणून मागे बॉलपेनने नाव लिहायचो. तो गठ्ठा आज एखाद्या जाणकारापुढे ठेवला तर तो म्हणेल, रबराची खाच, शाईचा डाग, चारही कोपरे गोल, दहापैकी एक. आणि तो एकही कार्ड अस्सल आहे म्हणून.

अमेरिकेत हे मार्क देण्याचं काम करणाऱ्या कंपन्या आहेत. त्यातली पीएसए 1991 साली सुरू झाली. तुम्ही फी भरून कार्ड पाठवता, ते तपासतात, एक ते दहामध्ये मार्क देतात आणि प्लास्टिकच्या जाड डबीत बंद करून परत पाठवतात. दहाला म्हणतात ‘जेम मिंट’. मिंट म्हणजे टांकसाळ. नाणी जमवणाऱ्यांचा हा शब्द, टांकसाळीतून आत्ताच पडल्यासारखं. नऊ आणि दहा यांच्यातला फरक साध्या डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण किमतीत तो कित्येक पट असू शकतो.

तपासायच्या गोष्टी चार. चित्र मध्यभागी आहे का, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. पोकेमॉनची कार्डं मी आधी उलटी करते, कारण त्यांची पाठ निळी असते आणि कडेचा रंग जरा जरी उडाला तरी आतला पांढरा कागद लगेच दिसतो. मग भिंग घेऊन कोपरे. पृष्ठभाग सगळ्यात शेवटी, आणि तो सरळ उजेडात कधीच बघायचा नाही. दिवा बाजूला ठेवायचा आणि कार्ड हळूहळू कलतं करायचं. ओरखडे, दाबल्याच्या खुणा, घडीची बारीक रेघ, हे सगळं तिरक्या उजेडातच वर येतं. आणखी एक गंमत म्हणजे, पाकिटातून थेट काढलेलं कार्डसुद्धा दहाचं असेलच असं नाही. कारखान्यात कापतानाच चित्र एका बाजूला सरकलेलं असतं. चूक तुमची नाही, पण मार्क जातातच. एकक लिहिलं नाही म्हणून अर्धा मार्क कापणाऱ्या आपल्या गणिताच्या बाई मला इथे नेहमी आठवतात.

मार्क आले की लबाडीही आली. होनस वॅग्नर हा जुना बेसबॉलपटू. 1909 ते 1911 या काळात सिगारेटच्या पाकिटातून आलेलं त्याचं कार्ड फार दुर्मीळ आहे. त्यातलंच एक 1991 साली लिलावात 4 लाख 51 हजार डॉलरला गेलं. पीएसएने तपासलेलं ते पहिलं कार्ड, मार्क आठ. पुढे 2007 मध्ये त्याची किंमत 28 लाख डॉलरवर गेली. आणि 2013 मध्ये बिल मॅस्ट्रो या लिलावदाराने कोर्टात कबूल केलं की, विकण्यापूर्वी आपणच त्याच्या कडा कापल्या होत्या. कडा इतक्या नीट होत्या, कारण त्या ताज्या होत्या! कापलेलं कार्ड ओळखलं गेलं, तर आज अशा कंपन्या त्याला मार्कच देत नाहीत.

पण कात्री चालवणारे थोडे. आपल्यासारख्यांची चूक वेगळ्या जागी होते, आणि तेच सांगायला मी उभी आहे.

प्रत्येक कार्ड कंपनीकडे पाठवणं परवडत नाही. बहुतेक व्यवहार विकणाऱ्याच्या शब्दावर होतात. त्यासाठी ठरलेल्या पायऱ्या आहेत. ‘निअर मिंट’ म्हणजे जवळपास नवं, मग थोडं खेळलेलं, बरंच खेळलेलं, खूप खेळलेलं आणि शेवटी खराब. पायरी विकणाऱ्यानेच ठरवायची. म्हणजे आपलाच पेपर आपणच तपासायचा.

मी इंजिनिअर असल्याने यावर प्रोग्रॅम लिहिला. कार्ड स्कॅन करायचं, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मोजायच्या. डावीकडे 2.4 मिलिमीटर, उजवीकडे 1.6, म्हणजे प्रमाण 60–40. प्रोग्रॅम उत्तम चालला. त्याच भरात मी 1999 च्या इंग्रजी बेस सेटमधलं ब्लास्टॉइजचं कार्ड ‘निअर मिंट’ म्हणून विकलं. घेणारा कॉलेजचा मुलगा होता, पार्टटाइम कामाचे पैसे साठवून घेतलेलं.

चार दिवसांनी त्याचा फोटो आला. तिरक्या उजेडात, वरच्या कोपऱ्याजवळ घडीची केसाएवढी रेघ. खाली एकच ओळ होती, तुम्हाला हे दिसलं होतं का?

‘नाही’ असं लिहिणं सोपं होतं. स्कॅनरचा उजेड सपाट असतो, त्यात घडी दिसतच नाही. पण खरी गोष्ट अशी की, कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत सरकवताना मला तिथे काहीतरी चमकलेलं दिसलं होतं. पिशवीची चमक असेल असं मी ठरवलं आणि ती काढून पुन्हा बघितलं नाही. बघितलं असतं, तर दोन पायऱ्या उतरावं लागलं असतं. मी त्याला तसंच लिहिलं. पैसे दिले, पोस्टाचा खर्चही दिला. कार्ड परत आलं. पुढे दोन वेळा त्याने माझ्याकडूनच कार्डं घेतली.

तेव्हापासून माझे तीन नियम आहेत. एक, पिशवीतून बाहेर काढल्याशिवाय मार्क द्यायचे नाहीत. दोन, शंका आली तर खालची पायरी. तीन, दोषाचा फोटो पहिला लावायचा, चांगल्या बाजूचा नंतर. विक्री थोडी हळू होते, पण परत काही येत नाही. पहिला नियम मी ऑफिसातही पाळते, पण त्यावर बोलायला मनाई आहे.

सर, बाई, शंभर पेपर तपासताना प्रत्येक पेपर कोऱ्या नजरेने बघणं किती अवघड असतं, हे मला चाळिशी उलटल्यावर, तेही कार्डांमुळे कळलं. अर्ध्या मार्कासाठी तुमच्याशी घातलेले सगळे वाद मी आज मागे घेते.

ते ब्लास्टॉइज मी विकलं नाही. आज बरोबर आणलंय. चहाच्या वेळी दिव्याशेजारच्या टेबलावर ठेवीन. ज्याला रेघ सापडेल, त्याला माझ्याकडून आइसक्रीम. हात मात्र धुऊन, कोरडे करून या. भज्यांचं तेल लागलं तर आणखी एक पायरी जाईल.