आधी ऐकून घ्यावे



दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातली गावेच्या गावे ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल, नवरा-बायकोचा 'कोयता', मागे राहिलेली म्हातारी माणसे, हे आपणास सांगायला नको. परंतु यात मनाचे काय होते, हे आपण क्वचितच विचारतो. बाई दवाखान्यात डोकेदुखी सांगते. "लई इचार येतेत, झोप लागंना," म्हणते आणि गप्प होते.

आम्ही समुपदेशन सुरू केले तेव्हा चार शहाणपणाच्या गोष्टी सांगणे म्हणजेच समुपदेशन, असे आम्हालाही वाटे. ऊसतोडीहून परतलेल्या एका ताईंना आम्ही अर्धा तास उपदेश केला. धीर धरा, लेकरांकडे बघा वगैरे. ताईंनी मान डोलावली आणि चार महिने त्या फिरकल्याच नाहीत.

पुढे जाऊबाईंनी त्यांना आग्रहाने आणले. या वेळी आम्ही कमी बोललो. "ताई, एवढ्या सगळ्यांतलं आधी काय हलकं झालं तर बरं वाटेल?" एवढेच विचारले. कर्ज म्हणतील, असा आमचा अंदाज. त्या म्हणाल्या, "मुकादम दारात येतो तवा घरात मी एकलीच असते." मग तिघांनी मिळून ठरवले की, तो आला की जाऊबाईंनी येऊन बसायचे आणि उचलीचा हिशेब वहीत लिहून मागायचा. कर्ज फिटले नाही. पण झोप लागू लागली.

जीव द्यावासा वाटतो का, हेही आम्ही स्पष्ट विचारले. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. ताई रडल्या, हो म्हणाल्या. त्याच दिवशी फवारणीचे औषध घरातून हलवून दुसरीकडे कुलपात ठेवले, आणि जाऊबाई त्यांना अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागात घेऊन गेल्या. औषधोपचार ठरवणे डॉक्टरांचे काम. तिथे आम्ही लुडबूड करीत नाही.

आफ्रिकेतील झिंबाब्वे देशात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी 2006 साली असेच काम आजीबाईंच्या हाती दिले. दवाखान्याबाहेर लाकडी बाक, त्यावर आजी. आलेल्याने आपल्या अडचणींतली एक स्वतः निवडायची, आजीने सोबत करायची. तिथल्या शोना भाषेत या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणे. आपल्या ताईंचा शब्दही तोच होता!

महाराष्ट्र शासनाने 2015 साली मराठवाडा-विदर्भातील 14 जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला, तेव्हा आशाताई घरोघर जाऊन मनाची विचारपूस करू लागल्या. अशा वेळी सासूबाईंनी जरा अंगणात बसावे, ही विनंती. पोलिसांच्या भीतीने पुष्कळ घरे आत्महत्येचा प्रयत्न लपवतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 115 नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरले जाते आणि त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर येते. 2022 पासून 'टेली-मानस'चा 14416 हा क्रमांक आहे. तो रात्रीही लागतो, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. विद्यार्थी मित्रांनी तो आत्ताच वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घ्यावा.