पदवी आणि पात्रता

सरकारी किंवा सार्वजनिक संस्थेंतील नोकरीच्या जाहिरातींत शिक्षणाची अट एकदोन ओळींत मावते. पण त्या ओळींच्या अर्थावरून निघालेले वाद कित्येकदां सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातात. जो अधिक शिकला तो कमी शिक्षणाच्या जागेस लायक असलाच पाहिजे, असें सामान्यतः सर्वांना वाटतें. हा समज कायद्याच्या कसोटीस कितपत उतरतो, तें कांहीं निकालांवरून स्पष्ट होईल.

पंजाब नॅशनल बँकेनें शिपायांच्या जागांसाठीं अट घातली होती कीं, उमेदवार बारावी उत्तीर्ण असावा, मात्र पदवीधर नसावा. एका तरुणानें २०१४ सालीं मिळविलेली पदवी अर्जांत नमूद न करतां जागा मिळविली. गोष्ट उघडकीस येतांच बँकेनें त्यास कामावर घेण्याचें नाकारलें. ओडिशाच्या उच्च न्यायालयानें त्याची बाजू उचलून धरली. परंतु ३ नोव्हेंबर २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय फिरविला. अट अन्यायाची वाटत होती, तर तिला वेळींच आव्हान द्यावयाचें होतें. ती मान्य करून अर्ज करावयाचा व पदवी लपवावयाची, हें त्यास क्षम्य वाटलें नाहीं. पदवी लपविल्यावांचून पोटाची सोय होणार नाहीं असें एखाद्या तरुणास वाटावें, ही गोष्ट मात्र समाजानें विसरतां कामा नये.

दुसरें प्रकरण जम्मू-काश्मीरच्या वीज खात्यांतील तंत्रज्ञांच्या जागांचें. तेथें मॅट्रिक व संबंधित धंद्याचें आय. टी. आय. प्रमाणपत्र हवें होतें. विद्युत् अभियांत्रिकीच्या पदविकाधारकांना वगळण्यांत आलें. ५ डिसेंबर २०१८ च्या निकालानें हें वगळणें योग्य ठरलें. वरच्या पात्रतेंत खालची आपोआप सामावते असें धरून चालतां येत नाहीं. नियमानेंच तसें म्हटलेलें असावें लागतें. केरळमधील वीज मंडळाच्या एका पूर्वीच्या प्रकरणांत अभियांत्रिकीच्या पदवीधरांना पदविकेच्या जागेस पात्र मानलें गेलें होतें; कारण तेथील नियमांतच तशी तरतूद होती. दोन निकाल वरवर परस्परविरोधी दिसले, तरी दोहोंचें मूळ नियमाच्या शब्दांतच आहे.

अशा निकालांनीं विद्येचा अवमान होतो काय? याचें उत्तर तिसऱ्या प्रकरणांत सांपडतें. २८ जून २०१८ च्या अधिसूचनेनें बी. एड्. झालेल्यांनाही प्राथमिक शिक्षक होण्याची मुभा मिळाली होती. नेमणुकीनंतर दोन वर्षांत सहा महिन्यांचा पूरक अभ्यासक्रम पुरा करावयाचा, एवढीच अट होती. राजस्थानच्या उच्च न्यायालयानें २०२१ सालीं ही अधिसूचना रद्द केली, आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम केला. बी. एड्. चें शिक्षण मोठ्या मुलांस शिकविण्यासाठीं असतें. सहा वर्षांच्या बालकास अक्षरओळख करून देण्याची विद्या वेगळी, आणि तिच्यासाठीं वेगळी पदविका आहे. मुलांच्या चांगल्या शिक्षणाच्या हक्कापुढें उमेदवारांची सोय गौण ठरली. तथापि अधिसूचनेवर विसंबून आधींच रुजू झालेल्यांचा संसार उघडा पडूं नये, म्हणून ज्यांची नेमणूक न्यायालयाच्या निकालाच्या अधीन नव्हती, त्यांना एप्रिल २०२४ मध्यें संरक्षण मिळालें.

सारांश, पात्रता ही शिडी नसून किल्ली आहे. मोठी किल्ली प्रत्येक कुलुपास लागतेच असें नाहीं. उमेदवारानें अर्जापूर्वीं अट नीट वाचावी, खरें तेंच लिहावें, आणि शंका असल्यास परीक्षेपूर्वींच दाद मागावी. पण यांत सरकारचेंही कर्तव्य आहे. कोणती पात्रता चालेल व कोणती चालणार नाहीं, हें नियमांत निःसंदिग्ध शब्दांत लिहिलें गेलें पाहिजे. जाहिरातींतील एका मोघम शब्दापायीं तरुणांच्या उमेदीचीं वर्षें न्यायालयाच्या पायऱ्या झिजविण्यांत जातात, आणि अनुकूल निकालानेंही तीं परत मिळत नाहींत.