श्वानदंश आणि नगरधर्म



रस्ते, पाणी आणि दिवाबत्ती यांविषयी नगरपालिकेला जाब विचारणारे नागरिक पुष्कळ आढळतात. मोकाट जनावरांची व्यवस्था हेही तिचेच काम आहे, याची आठवण मात्र घरातल्या कोणाला कुत्रा चावला म्हणजेच होते. मग दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, सारी कुत्री मारून टाका. दुसरा म्हणतो, मुक्या जीवाला हात लावू नका. पहिल्याचा राग समजण्यासारखा आहे. ज्या आईच्या लेकराला कुत्र्याने फाडले, तिला भूतदयेचा उपदेश करणे हेच क्रौर्य होईल. दुसऱ्याची करुणाही खोटी नव्हे. परंतु लेकराचे रक्षण आणि प्राण्यावरील दया यांपैकी एकाचीच निवड करावी लागते, ही समजूत चुकीची आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

हा वाद जुना आहे. ६ जून १८३२ रोजी मुंबईत याच कारणावरून दंगल झाली. मोकाट कुत्रा मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे इनाम मिळत असे. पारशी धर्मात कुत्र्याला मानाचे स्थान आहे. त्यांच्या पवित्र दिवशीच ही मारामारी चाललेली पाहून तो समाज खवळला आणि मारेकरी शिपायांवर लोक धावून गेले. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापारी मोतीशा शेट यांच्या पुढाकाराने भुलेश्वर येथील पांजरपोळ ही संस्था स्थापन झाली. पुढे १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था निघाली, आणि दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाईंच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले.

यामुळे अनेक जीवांना आश्रय मिळाला, उपचार मिळाले. परंतु रस्त्यावरचा प्रश्न सुटला नाही. मुंबईत कुत्री मारण्याची पद्धत १९९४ पर्यंत चालू होती, तरीही ती संपली नाहीत. कारण साधे आहे. गल्लीत उष्टे-खरकटे आणि उकिरडे जेवढे असतील, तेवढी कुत्री तेथे जगतात. दहा मारली की शेजारच्या वस्तीतून दुसरी येतात, आणि उरलेल्यांची पिल्ले अधिक संख्येने तगतात. शिवाय मारलेल्यांत लस टोचलेली कुत्री असली, तर त्यांच्या जागी येणारी नवी कुत्री बिनलशीची असतात. म्हणजे पैसा खर्चून आपण धोका वाढवितो!

या अनुभवातूनच केंद्र सरकारने २००१ मध्ये श्वानसंख्या नियंत्रणाचे नियम केले, आणि २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आणले. कुत्रा जाळ्याने किंवा हाताने, इजा न करता धरावा, कोठून धरला याची नोंद ठेवावी, शस्त्रक्रिया करून त्याचे प्रजनन थांबवावे, पिसाळरोगावरील लस टोचावी, ओळखीसाठी कानाला खाच द्यावी आणि जखम भरल्यावर त्याला त्याच्याच गल्लीत सोडावे, असा हा क्रम आहे. अशा व्यवस्थेत आश्रयस्थान म्हणजे जन्मठेपेचा कोंडवाडा नव्हे. ते एक रुग्णालय असते. पिसाळल्याचा संशय असलेला प्राणी तेथे वेगळा ठेवला जातो, अपघातात सापडलेल्यावर उपचार होतात. दाटीवाटीने शेकडो कुत्री कोंडली, तर तेथे रोगच पसरतात.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात लस टोचून पूर्वस्थळी सोडण्याचे हेच तत्त्व मान्य केले; पिसाळलेली व आक्रमक कुत्री तेवढी वगळली. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी मात्र शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील कुत्री हलवून आश्रयस्थानात ठेवण्यास सांगितले. आदेश कागदावर निघतो. आश्रयस्थान, पशुवैद्य आणि प्रशिक्षित माणसे गावाला उभी करावी लागतात.

हे साधते काय? गोव्याकडे पाहावे. तेथे सरकार आणि 'मिशन रेबीज' ही संस्था यांनी गावोगाव जाळी घेऊन फिरणारी पथके नेमली. दरवर्षी शेकडा सत्तर कुत्र्यांना लस टोचली म्हणजे रोगाची साखळी तुटते, हे त्यामागील गणित होते. शाळांतून मुलांना शिक्षण दिले, संशयित कुत्र्याची खबर देण्याची सोय केली. कुत्र्यांमधील पिसाळरोग ९२ टक्क्यांनी घटला, आणि २०२१ मध्ये गोवा रेबीजनियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. तेथे कुत्रीही राहिली आणि मुलेही वाचली.

बऱ्हाणपूरकरांना याचा दाखला घरचाच आहे. १६१५ च्या सुमारास सातपुड्याकडून झिरपणारे पाणी कुंड्यांच्या रांगेने आणि जमिनीखालच्या भुयाराने या नगरीत आणले गेले. एकच कुंडी खणून पाणी शहरात पोचले नसते. त्याचप्रमाणे शनवाऱ्यातील कुत्र्यांना लस टोचली आणि लालबाग सोडून दिला, तर काही साधणार नाही. कुत्र्याला प्रभागाची हद्द कळत नाही, आणि रावेरकडची राज्याची सीमाही कळत नाही.

आता शिक्षक या नात्याने एक गोष्ट सांगतो. जगात पिसाळरोगाने दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे दगावतात, आणि त्यांत शेकडा चाळीस पंधरा वर्षांखालची मुले असतात. मुले कुत्र्याच्या वाटेला जातात हे खरे. पण त्याहून घातक म्हणजे ती चावा लपवितात. घरी मार बसेल ही एक भीती, आणि पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात ही दुसरी. ती इंजेक्शने केव्हाच इतिहासजमा झाली! आता दंडावर थोड्याच मात्रा पुरतात. परंतु रोगाची लक्षणे एकदा दिसली, की मग वैद्यकाचे हात जवळजवळ रिकामेच असतात.

म्हणून चाव्याची जखम तात्काळ वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना काही लावू नये; मांत्रिकाकडे जाऊ नये. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा, जखम खोल असल्यास तयार प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही मागावे, आणि लशीच्या सर्व तारखा पाळाव्यात. आणि आज रात्री जेवताना आपापल्या मुलांना एवढे अवश्य सांगावे, की कुत्रा चावला तर कोणी रागावणार नाही. फक्त लगेच सांग. त्या एका वाक्याला पैसा लागत नाही, आणि त्याने एखादा जीव वाचेल.

नगराचा धर्म दुबळ्यांच्या रक्षणावरून पारखला जातो. रस्त्यावरचे पोर आणि रस्त्यावरचा प्राणी, दोघेही दुबळेच. दोघांचे रक्षण एकाच सुईने होत असताना, आपण आपसांत भांडत का बसावे?