चाकाला खीळ कोणी घालायची?

(मंडणगड येथील बैठकीतील भाषण)



डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी नागपुरात म्हणाले, चालकाविना चालणारी मोटार आपण देशात येऊ देणार नाही. चालकांच्या नोकऱ्या जातील. ऐकायला गोड वाटते. आपल्या तालुक्यातली कितीतरी मुले मुंबईत टॅक्सी, टेम्पो चालवतात. प्रश्न आपल्या घरातला आहे, म्हणूनच तो नीट तपासू.

सरकार यंत्र अडवते तेव्हा किंमत कोण मोजतो? जुलै २०२० मध्ये केंद्राने पॉवर टिलरची आयात मुक्त यादीतून काढून परवान्याखाली घातली. देशी कारखान्यांना आडोसा मिळाला. आमच्या उतारावरच्या खाचरात मोठा ट्रॅक्टर वळत नाही, गोठ्यात बैल उरले नाहीत, चिखलणीला गडी मिळत नाही. टिलर हेच आमचे औत. तो बंदरात अडला, की बोजा खाचराच्या मालकावर.

नोकरी जाते म्हणून यंत्र नको, हा न्याय लावला तर भातगिरणीही नको होती. तिने कांडणाचे काम संपवले. कोणा मायबहिणीला मुसळ परत हवे आहे काय?

मग सरकारने हात बांधून बसावे? नाही. जिवाला धोका तिथे नियम हवाच. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस ब्रेक सक्तीचे झाले. तिथे तंत्रज्ञान अडवले नाही. कंपनीला ते लावायला भाग पाडले. चालकाविना गाडीचीही परीक्षा घ्या. आमच्या घाटात, भर पावसात, रस्त्यात गुरे बसलेली असताना घ्या. नापास झाली तर रस्त्यावर आणू नका. धडक बसली तर भरपाई मालकाने द्यायची की कंपनीने, हे आधी कायद्यात लिहा.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसकट गेल्या. त्या गाड्यांना चालक होते. कमी पडला तो पूल. सरकारचे काम तिथे आहे.

तेव्हा ठराव असा: तंत्रज्ञानावर बंदी नको, सुरक्षेची कसोटी कडक हवी; शेतीच्या यंत्रावरचा आयात परवाना नको; आणि आजच्या चालकांना नवे यंत्र शिकण्याची सोय सरकारने आधी करावी. पटत असेल तर हात वर करा. पटत नसेल त्यांनी उभे राहून बोलावे.