ओझरचं मिग, लासलगावचं टेबल

आजच्या भागात पाहुणे नाहीत, मी एकटाच बोलणार आहे. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत असेल तर सांभाळून घ्या. लासलगावात रेकॉर्डिंग करायचं म्हणजे कांद्याचा लिलाव कधी आटोपतो ते बघूनच बसावं लागतं, आणि आज माझा अंदाज चुकलाय.

बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं होतं की, दादा, तुमच्या प्रोफाइल फोटोत मागे विमान दिसतं ते खेळण्यातलं आहे का? तर नाही. ते मी बनवलंय. आता 'बनवलंय' म्हणावं की 'जोडलंय' म्हणावं, यावरूनच आमच्या घरात वाद झाला होता आणि आजचा सगळा भाग त्या वादाबद्दलच आहे.

दोन वर्षांपूर्वी माझं पहिलं किट कुरिअरनं आलं. हजार-बाराशे रुपयांचं. आप्पा ओट्यावर बसले होते. त्यांनी खोका उघडून बघितला. आत राखाडी प्लास्टिकच्या चौकटी, चौकटींना लटकलेले छोटे छोटे भाग, पंख, चाकं, खुर्ची. आप्पा म्हणाले, "सगळे तुकडे तर तयारच आलेत. मग यात तू काय करणार?"

मला उत्तर देता आलं नाही. खरंच, काय करणार होतो मी?

आधी ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे स्केल मॉडेल असतं. खऱ्या विमानाची मापं एका ठरलेल्या प्रमाणात लहान केलेली असतात. सगळ्यात जुनं आणि लोकप्रिय प्रमाण एकास बहात्तर. का बहात्तर? कारण सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. सहा फुटी माणूस या प्रमाणात बरोबर एक इंचाचा होतो. १९३६ साली इंग्लंडमध्ये फ्रॉग पेंग्विन नावानं प्लास्टिकची किट निघाली, ती याच प्रमाणात. मग १९५३ मध्ये एअरफिक्सनं स्पिटफायर काढलं आणि हा छंद सामान्य घरांतल्या पोरांपर्यंत पोचला.

आता आपल्या ओळखीचं विमान घेऊ. मिग-२१ च्या पंखांची रुंदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ७.१५ मीटर. भागिले ७२ करा. दहा सेंटिमीटरला थोडं कमी. तुम्ही ज्या मोबाईलवर हे ऐकताय ना, त्याच्यापेक्षा आखूड. आणि सुखोई-३० ची लांबी जवळपास २२ मीटर, म्हणजे मॉडेल शाळेतल्या फूटपट्टीएवढं. ही दोन विमानं मी मुद्दाम सांगतोय. दोन्ही आपल्या ओझरला बनली. लासलगावहून तासाभराच्या अंतरावर. लहानपणी शाळेच्या मैदानात आवाज आला की आम्ही वर बघायचो. बघेपर्यंत विमान पार पुढे गेलेलं असायचं.

तर माझं पहिलं मॉडेल मिग-२१ च होतं. त्यात मी जेवढ्या चुका करता येतात तेवढ्या केल्या. भाग चौकटीतून कापायच्या ऐवजी हातानं पिळून तोडले, त्यामुळे कडा फाटल्या. कॉकपिटची पारदर्शक काच झटपट चिकटणाऱ्या गोंदानं लावली. त्या गोंदाच्या वाफेनं काच आतून पांढरी पडली, मोतीबिंदू झाल्यासारखी. आणि सगळं झाल्यावर विमान टेबलावर ठेवलं, तर ते नाक वर करून शेपटावर बसलं! मॉडेल आतून पोकळ असतं आणि मिगचा बराचसा भार चाकांच्या मागे येतो. त्यामुळे दोन अर्धे भाग चिकटवायच्या आधी नाकात वजन भरावं लागतं. हे कागदावर लिहिलेलं होतं. मी वाचलं नव्हतं.

आप्पा बघून हसले. आईनं ते विमान टीव्हीवर ठेवलं, नाकाखाली काडेपेटीचा टेकू देऊन.

दुसरं किट मी २०२५ च्या पावसाळ्यात घेतलं. या वेळी मिग-२१ बिस. आणि ते घेण्यामागे एक कारण होतं. माझे मामा ओझरच्या कारखान्यात होते. आयटीआय करून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. हातात रिव्हेट गन, डोळ्यासमोर मिगचा सांगाडा, अशी सुरुवातीची वर्षं गेली त्यांची. त्याच सुमारास बातमी आली की वायुसेना मिग-२१ ला निरोप देणार, २६ सप्टेंबरला, चंदीगडला. १९६३ मध्ये मिग-२१ वायुसेनेत आलं ते चंदीगडलाच. बासष्ट वर्षं! मी ठरवलं, त्या दिवशी मामांच्या हातात मॉडेल द्यायचं.

आणि मंडळी, नाही झालं. पावसाळ्यात रंगकाम करून बघा म्हणजे कळेल. हवेत दमटपणा असला की शेवटचा वार्निशचा हात धुरकट होतो. त्यात लाईट जाते, आणि कोरड्या दिवशी कांद्याचं फोलपट उडत येऊन ओल्या रंगावर बसतं. २५ तारखेला माझ्याकडे नुसतं प्रायमर मारलेलं विमान होतं. त्यात घाईघाईत कोपर लागलं आणि नाकावरची लांब नळी मोडली. मिगच्या नाकावर पुढे भाल्यासारखी नळी असते, हवेचा वेग मोजायला. तिला पिटो ट्यूब म्हणतात. मी मोडलेली जागा पुट्टी भरून घासून साफ केली आणि अंदाजानं नळी पुन्हा चिकटवली, बरोब्बर मध्यभागी.

दुसऱ्या दिवशी तसंच घेऊन मामांकडे गेलो. मोबाईलवर कार्यक्रम लावला. विमानं आली, गेली. मामा काही बोलले नाहीत. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि माझं मॉडेल हातात घेतलं. दहा सेकंद. जास्तीत जास्त दहा.

"पिटो चुकलाय तुझा."

म्हटलं, "कुठे, मामा?"

"बिसचा पिटो मधोमध नसतो. पायलटच्या उजव्या हाताला सरकलेला असतो. तू एफएलसारखा मध्ये लावलास."

मंडळी, त्या मॉडेलवर तो फरक फार तर दोन-तीन मिलिमीटरचा असेल. मी तीन महिने ते विमान डोळ्यासमोर धरून होतो, शंभर फोटो बघितले होते. पण मला जे दिसत होतं त्याच्याकडे मी लक्षच दिलं नव्हतं.

मग मी मामांना आप्पांचा तो प्रश्न सांगितला. तुकडे तयार येतात, मग आपण काय करतो? मामा म्हणाले, "अरे, आमचा कारखानाही किटवरच शिकला."

हे मला खरंच माहीत नव्हतं. चीनच्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, त्यांच्या काळात ओझरचा कारखाना उभा राहिला. सुरुवातीची मिग-२१ विमानं तिथे बनवली नव्हती, जोडली होती. सोव्हिएत रशियातून सुटे भाग यायचे, नकाशे यायचे, आणि इथली माणसं ते जोडायची. जोडता जोडता कुठला भाग कशासाठी आहे, कुठे ताण येतो, कुठे फट राहिली तर चालत नाही, हे कळत गेलं. मग हळूहळू भाग इथे बनायला लागले. इंजिन ओडिशात कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, सांगाडा ओझरला. १९७० च्या सुमारास कच्च्या मालापासून बनवलेलं मिग इथून बाहेर पडू लागलं. पुढे सुखोईच्या वेळीही हाच रस्ता. आधी जोडणी, मग बनवणं.

मामा म्हणाले, "जोडणं सोपं वाटतं ते न जोडणाऱ्याला."

आता एक गोष्ट बोलायला अवघड आहे, पण टाळत नाही. मी त्या दिवशी मॉडेलचा फोटो टाकला, तर खाली पहिलीच कमेंट, 'उडती शवपेटी'. तुम्हीही हा शब्द ऐकला असेल. मिग-२१ चे अपघात खूप झाले, तरुण पायलट गेले. हे खरं आहे आणि मॉडेल करणाऱ्यानं ते विसरू नये. हेच विमान १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर गेलं होतं, तेही खरं आहे. मी कमेंट मामांपासून लपवायला गेलो, पण त्यांनी वाचली होती.

ते म्हणाले, "अपघाताची बातमी आली की आम्ही पहिलं विचारायचो, पायलट वाचला का. मग विचारायचो, विमानाचा नंबर काय." एवढंच बोलले आणि चहा ठेवायला आत गेले.

मी घरी आलो. मधोमध चिकटवलेली नळी काढताना तिचे दोन तुकडे झाले. आता भाग तयार नव्हता. बनवायचाच होता. इंटरनेटवर बघितलं तर लोक इंजेक्शनच्या सुईपासून पिटो करतात. जाड सुईत बारीक सुई घालायची, म्हणजे पुढे निमुळती होत जाते. घरात सुई शोधत होतो तर आप्पांनी विचारलं, काय पाहिजे? सांगितलं. ते गोठ्यात गेले, गुरांच्या औषधांच्या डब्यातून दोन नव्या सुया घेऊन आले. मी टोकं घासून बोथट केली. मग आप्पा टेबलाजवळच उभे राहिले. "उजवीकडे किती?" मी फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "अजून जरासं." आणि बरोबर होतं ते.

विमान ऑक्टोबरमध्ये पूर्ण झालं. राखाडी रंग, त्यावर चकचकीत वार्निश, मग पाण्यात भिजवून सोडवलेली डेकल्स, बाहेर केशरी, मग पांढरं, आत हिरवं असं वायुसेनेचं गोल चिन्ह, आणि शेवटी मॅट वार्निश. १७ ऑक्टोबरला ओझरहून तिथे बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं, ती बातमी मामांनी मला फोन करून सांगितली. त्या रविवारी मी मॉडेल त्यांना दिलं. त्यांनी आधी पिटो बघितला.

बरं, आता ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी कामाच्या गोष्टी. लिहून घ्यायची गरज नाही, खाली सगळं टाईप केलेलं आहेच.

पहिलं किट एकास बहात्तरचं, कमी भागांचं घ्या. महागड्या किटमध्ये भाग जास्त असतात, म्हणजे चुकाही जास्त.

एअरब्रश लगेच नको. दोन चांगले ब्रश, नेलकटर, चिमटा, मास्किंग टेप, आणि चारशे, सहाशे, हजार नंबरचे पाण्यात वापरायचे पॉलिश पेपर. बास.

गोंद मॉडेलचाच, पातळ. तो प्लास्टिक वितळवून दोन भाग एकजीव करतो, त्यामुळे अगदी थोडा लागतो. काचेला पांढरा गोंद लावा, नाहीतर माझ्यासारखा मोतीबिंदू.

मिगसारखं पुढे एक चाक असलेलं विमान असेल तर नाकात वजन भरा. सायकलचे छर्रे चालतात. शिसं वापरू नका, ते हाताळणं चांगलं नाही.

डेकल नेहमी चकचकीत थरावरच लावा. खरखरीत रंगावर लावलं तर खाली हवा अडकते आणि कडेनं चंदेरी दिसतं.

थिनर वापरताना खिडकी उघडी ठेवा, मास्क लावा. निफाड-लासलगावकडच्या थंडीत खिडकी उघडी ठेवायचं जिवावर येतं, मला माहीत आहे, तरी ठेवा. आणि रंगकाम थंडीत दुपारी करा, मे महिन्यात सकाळी लवकर.

आणि शेवटचं. जोडायच्या आधी खऱ्या विमानाचे फोटो बघा. नुसते स्क्रोल करू नका. एक फोटो घ्या, दहा मिनिटं बघा, आणि वहीत लिहा काय काय दिसलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकेच्या नौदलानं शाळेच्या मुलांकडून विमानांची पाच लाख लाकडी मॉडेल्स मागवली होती. एकास बहात्तरचीच. का? तर सैनिकांनी ती बघून आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं ते ओळखावं म्हणून. म्हणजे हा छंद पोरखेळ वाटला तरी तो नजरेचं काम आहे.

आप्पांचा प्रश्न अजून सुटलाय असं मी म्हणणार नाही. पण परवा कुरिअरवाला नवीन खोका घेऊन आला, सुखोईचा. मी घरी नव्हतो. आलो तर खोका उघडलेला, आणि आप्पा माहितीचा कागद हातात घेऊन बसलेले. म्हणाले, "यात नाकात वजन घालायचं लिहिलेलं दिसत नाही कुठे. विचार तुझ्या मामाला."

तर मी आता मामांना फोन लावतो. तुमच्या घरात, शेजारात कोणी ओझरला काम केलेलं असेल तर त्यांच्याकडे एकदा जाऊन बसा, विचारा काय बनवायचात म्हणून. आणि मग मला सांगा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, नमस्कार.