उक्ती, कृती आणि संख्या
(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



हत्तीचे दाखवायचे दात निराळे आणि खायचे निराळे, ही म्हण ज्या समाजाने घडविली, त्याला उक्ती आणि कृती यांतील अंतर मानसशास्त्राने येऊन सांगावे असे नाही. मात्र हे अंतर किती, ते कोणत्या परिस्थितीत वाढते आणि केव्हा कमी होते, या प्रश्नांची उत्तरे म्हण देऊ शकत नाही. तेथे मोजावे लागते. उपयोजित सामाजिक मानसशास्त्रातील संख्यात्मक पद्धती ही या मोजण्याची विद्या होय.

मनातील कल, म्हणजेच अभिवृत्ती, मोजता येते असा दावा शिकागोच्या थर्स्टन यांनी १९२८ साली केला. पुढे १९३२ साली रेन्सिस लिकर्ट यांनी सोपी रीत सुचविली. एका विषयावरील अनेक विधाने द्यावयाची, प्रत्येकापुढे ‘पूर्ण मान्य’पासून ‘पूर्ण अमान्य’पर्यंत पाच पर्याय ठेवावयाचे आणि मिळालेल्या गुणांची बेरीज करावयाची. एका विधानाचे उत्तर चुकून वा लहरीने दिले जाईल. अनेक विधानांच्या बेरजेत अशी लहर बरीचशी विरून जाते. आज सर्वत्र भरून घेतल्या जाणाऱ्या पंचपर्यायी प्रश्नावल्यांचे मूळ येथे आहे.

परंतु कागदावरील खूण म्हणजे वर्तन नव्हे. अमेरिकेत १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना बंदी होती. ती उठली १९४३ साली. त्या विद्वेषाच्या काळात, १९३०पासून सुमारे दोन वर्षे, रिचर्ड लापिअर हे समाजशास्त्रज्ञ एका तरुण चिनी दाम्पत्यासह मोटारीने त्या देशात हिंडले. सुमारे १०,००० मैलांच्या प्रवासात ते २५१ ठिकाणी गेले. त्यांपैकी ६७ मुक्कामाची ठिकाणे होती, १८४ उपाहारगृहे. नकार मिळाला तो एकदाच. सहा महिन्यांनंतर त्याच ठिकाणांना पत्राने विचारण्यात आले : ‘आपण चिनी वंशाच्या पाहुण्यांना घ्याल काय?’ उत्तरे १२८ आली. त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक ‘नाही’ अशी होती. प्रवासात न भेटलेल्या ठिकाणांकडूनही जवळजवळ तशीच उत्तरे आली. म्हणजे त्या भेटीचा उत्तरांवर परिणाम झाला असावा, ही शंका बरीच दूर झाली. हा अहवाल १९३४ साली प्रसिद्ध झाला.

यावरून ‘प्रश्नावल्या निरर्थक’ असा निष्कर्ष काढण्याची घाई पुष्कळांनी केली. ती योग्य नव्हती. पत्राला उत्तर देणारा मालक आणि खोली देणारा कारकून एकच होता, याची खात्री नव्हती. शिवाय पत्रात एक अमूर्त वंश होता, तर दारात उभे होते हसतमुख, उत्तम इंग्रजी बोलणारे दाम्पत्य. सोबत बहुधा एक गोरा प्राध्यापकही. प्रश्न एका गोष्टीचा आणि कृती दुसऱ्या गोष्टीची, असा हा प्रकार होता.

अॅलन विकर यांनी १९६९ साली तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा अभिवृत्ती आणि वर्तन यांचा सहसंबंध क्वचितच ०.३०च्या वर गेलेला आढळला. सहसंबंधाचा वर्ग केला म्हणजे वर्तनातील फरकाचा किती भाग उलगडला ते कळते. येथे तो जेमतेम नऊ टक्के होता. यावर उत्तर आले १९७९ साली, डेव्हिडसन आणि जॅकार्ड यांच्या अभ्यासातून. संततिनियमनाविषयी स्त्रियांचे सर्वसाधारण मत आणि पुढील दोन वर्षांत गोळ्या घेणे, यांचा सहसंबंध केवळ ०.०८ होता. ‘येत्या दोन वर्षांत तुम्ही स्वतः गोळ्या घेण्याविषयी’ असे नेमके विचारले, तेव्हा तो ०.५७ झाला. माणसे त्याच, वर्तनही तेच. बदलला तो प्रश्न. कुटुंबनियोजनापासून साक्षरतेपर्यंत कोणतीही योजना आखणाऱ्याने हा धडा मनावर घ्यावा.

काही बाबतींत मात्र कितीही नेमका प्रश्न विचारला तरी खरे उत्तर मिळणे कठीण असते. ‘तुम्ही जातिभेद पाळता काय?’ या प्रश्नाला कोणता मालक ‘होय’ म्हणेल? अमरावती जिल्ह्यातून पुढे आलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी म्हणून प्रश्न विचारलाच नाही. त्यांनी खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठविले. शिक्षण आणि पात्रता समतुल्य. फरक प्रामुख्याने अर्जदाराच्या नावाचा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत पुढील फेरीसाठी बोलावणे येण्याचे शक्यता-गुणोत्तर दलित नावासाठी ०.६७, तर मुस्लीम नावासाठी ०.३३ होते. एखाद्या तरुणाला बोलावणे आले नाही, तर त्याचे कारण त्याला कधीच कळत नाही. तो आपल्यातच उणीव शोधत बसतो. शेकडो मूक नकार एकत्र मोजले, तेव्हाच त्यांचा अर्थ स्पष्ट झाला.

संख्येला मर्यादा आहेत. कोणत्या मालकाने कोणत्या विचाराने पत्र बाजूला ठेवले, हे ०.६७ हा आकडा सांगत नाही. त्यासाठी मुलाखतच घ्यावी लागते. शिवाय ज्यांना ठाऊक नाही अशांवर प्रयोग करावा काय, हा नीतीचा प्रश्नही उरतोच.

ग्रंथालयालाही या विद्येचा उपयोग आहे. वाचकांची आवड जाणून घेताना प्रश्नावलीत संतवाङ्मय आणि वैचारिक ग्रंथांवर खुणा पडतील. देवघेवीच्या नोंदवहीत कदाचित निराळीच पुस्तके दिसतील. म्हणून वाचकाला खोटे ठरवू नये. प्रश्नावलीत त्याला काय वाचावेसे वाटते ते असते, नोंदवहीत त्याने काय नेले ते. दुसऱ्या शतकासाठी ग्रंथखरेदीचे धोरण ठरविताना दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवावेत.