स्क्रीनची पिन जळते तेव्हा



आज बोलायचंय कॉम्प्युटरच्या स्क्रीनबद्दल. स्क्रीनच्या मागे वीज जिथून आत जाते, ती तीन पायांची पिन आणि त्यात बसणारी काळी केबल, एवढाच विषय. आता बऱ्याच गटांचे हिशेब, कर्जाचे हप्ते कॉम्प्युटरवर असतात. त्यामुळे ही पिन जळाली की बाया घाबरतात, हिशेब गेला म्हणतात. तर पहिल्यांदा हे ऐका: स्क्रीन म्हणजे फक्त तोंड. हिशेब असतो खालच्या डब्यात, ज्याला आपण सीपीयू म्हणतो. स्क्रीन काळी पडली म्हणून नोंदी जात नाहीत. दुसरी स्क्रीन जोडली की सगळं जागच्या जागी दिसतं.

मग पिन जळते कशाने? साध्या एलईडी स्क्रीनला वीस-तीस वॅट वीज लागते, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बच्या निम्मीसुद्धा नाही. एवढ्याशा विजेने चांगली पिन जळत नाही. बहुतेक वेळा जळते ती सैल झालेली. हळदीकुंकवाला दार सताड उघडं असलं की बायका सहज आत-बाहेर करतात, एकच झडप उघडी असली की रेटारेटी. विजेचं तसंच. पिन नीट टेकली नाही की तेवढ्याशा जागेतून वीज रेटून जाते, ठिणगी उडते, जागा तापते. तापली की आतली पत्र्याची पकड आणखी ढिली होते, आणि मग आणखी तापते. हे एका दिवसात होत नाही, महिनोन्‌महिने चालतं. कधी स्क्रीनच्या आतला भाग बिघडून जास्त वीज ओढतो, त्यानेही जळते, पण ते मेकॅनिकनेच ओळखायचं.

हे एवढं सांगायचं कारण आहे. आमच्या संघातल्या एका गावात वास आला, धूर निघाला, आणि त्या संध्याकाळी नोंदी करायला बसलेल्या ताईला बैठकीत सांगितलं गेलं, तू जाळलंस, तूच पैसे भर. ती बिचारी मान खाली घालून बसली. आम्ही केबल मागवून उजेडात धरली. भोकांच्या कडा तपकिरी, त्यावर जुना काजळीचा थर, प्लास्टिक चुरचुरीत झालेलं. एका संध्याकाळचं काम नव्हतं ते. दुरुस्ती गटाच्या खर्चातून झाली. शेवटी हात कुणाचा होता, यावरून दंड ठरवू नका. आधी पिन बघा.

आता वास आला तर काय करायचं? स्क्रीनमागची केबल हाताने ओढायला धावू नका. भिंतीवरचं बटण बंद करा. बटणाचा बोर्डच करपला असेल तर मेन स्विच पाडा. पाणी मारायचं नाही. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून तर बोर्डाला हातच लावू नका. गार झाल्यावर केबल काढा, आणि चालतंय का बघू म्हणून परत लावू नका.

मग बॅटरीच्या उजेडात दोन्ही बाजू बघा, केबलची भोकं आणि स्क्रीनच्या पिना. केबलच जळाली असेल आणि पिना चकचकीत, घट्ट असतील, तर नवी केबल घेऊन भागतं. आयएसआय शिक्क्याची, तीन पिनांची घ्या. पण पिना काळ्या पडल्या असतील, हलत असतील, भोवतीचं प्लास्टिक वितळलं असेल, तर नुसती केबल बदलून उपयोग नाही. जळक्या पिनेवर नवी केबल लावली की तीही जळते. काही जण ब्लेडने किंवा पॉलिश पेपरने पिन घासून देतात, वर चिकटपट्टी गुंडाळतात. चार दिवस चालतं, मग पुन्हा तोच वास.

ही पिन आतल्या पट्टीला डाग देऊन जोडलेली असते. ते घरी उघडायचं काम नाही, घरात कितीही हुशार मुलगा असला तरी. वीज काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर वीज काही वेळ साठून राहू शकते. मेकॅनिककडे न्या, खर्च आधी विचारा, आणि जुनी पिन परत मागा. वॉरंटी चालू असेल तर गावातल्या दुकानात उघडायला देऊ नका.

काही स्क्रीनना डब्यासारखा अडॅप्टर असतो, बारीक गोल पिनेचा. तिथे व्होल्ट कमी आणि अँपिअर जास्त, म्हणून सैल पिन लवकर तापते. नवा घेताना जुना सोबत न्या. व्होल्टचा आकडा तोच हवा, अँपिअर तेवढाच किंवा जास्त, आणि अधिक-उणेची खूणही तीच.

तिसरी पिन, अर्थिंगची, ती कापून दोन भोकांच्या बोर्डात घुसवलेली आम्ही पाहिली आहे. असं करू नका. आत बिघाड झाला तर शॉकपासून तीच वाचवते. बोर्डाला अर्थिंग खरंच आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. इस्त्री, लॅमिनेशनचं मशीन, चहाची किटली यांना वेगळा बोर्ड ठेवा. केबल टेबलाच्या पायाला थोडी सैल सोडून बांधा, म्हणजे कुणाचा पाय अडकला तरी पिनेला हिसका बसणार नाही. काढताना वायर ओढू नका, टोक धरून काढा.

आणि महिन्यातून एकदा, नोंदी संपल्यावर, बंद करण्याआधी कोरड्या हाताची मागची बाजू केबलच्या टोकाला, वरच्या रबराला लावून बघा. ते गारच हवं. कोमट लागलं तर त्याच दिवशी बटण बंद करून केबल बदला, पुढच्या बैठकीची वाट बघू नका.